दुखणं मोठं, तक्रार लहान

आपल्या मराठी घरांत पोटाची चौकशी सकाळच्या चहाइतकीच जुनी आहे. ‘पोट साफ झालं का?’ हा प्रश्न तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत कुणालाही, अगदी पाहुण्यांच्या देखतही, बिनदिक्कत विचारला जातो. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी नाक दाबून एरंडेल घेतलेलं आहे. हिरडा, त्रिफळा, सोनामुखी, इसबगोल यांपैकी काही ना काही प्रत्येक फडताळात असतंच. अशा घरात वाढलेला एक माणूस, आपल्याला नऊ दिवस शौचाला झालेलं नाही हे कुणाला सांगत नाही आणि त्यापायी कॅन्सरच्या वेदनेवरचं औषध लपवून ठेवतो, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी ते कादंबरीतसुद्धा घातलं नसतं. वाचक म्हणाले असते, काहीतरीच. पण हा माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा वाईकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. पुढे तिथेच मुख्याध्यापक झाला. पचनसंस्थेची आकृती तो फळ्यावर खडू न उचलता काढायचा, आणि मोठ्या आतड्याशी आला की मागच्या बाकांवर हसू फुटायचं ते एका नजरेने थांबवायचा. २०१७ साली त्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरल्याचं कळलं आणि दादा-वहिनी पुण्याला माझ्याकडे राहायला आले. मीही नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो, त्यामुळे वेळ होता. विजेच्या शेकाचे दिवस संपले तरी हाडांतलं दुखणं पुरतं गेलं नाही. रात्री दोन-अडीचला तो भिंतीला टेकून बसलेला दिसे. ओरडत नसे. हातात उशीचं टोक घट्ट धरलेलं असे, एवढंच.

मग एका मोठ्या रुग्णालयात त्याला मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दर चार तासांनी एक. नाव ऐकताच वहिनींचा चेहरा उतरला. “भावजी, हे शेवटचं औषध ना?” त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं. तसं काही नाही, वेदनेसाठी ठरल्या मात्रेत घेतलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं आणि त्यांना पटलंही. पहिले आठ-दहा दिवस तर घरात दिवाळी. दादा सलग पाच तास झोपला. उठून खुर्चीत बसला. वर्तमानपत्र मागितलं, शब्दकोडं सोडवलं, आणि माझ्या एका जुन्या कादंबरीत व्याकरणाच्या चुका काढल्या. म्हणजे प्रकृती सुधारत होती.

तिसऱ्या आठवड्यात हे सगळं फिसकटलं. जेवण तुटलं. दोन घासांत पोट गच्च वाटायचं, तिसऱ्याला मळमळ. पोट तट्ट फुगलेलं. आणि पाठ पुन्हा दुखायला लागली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “वेदना कशी आहे?” दादा म्हणाला, “वाढलीय.” डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवून दिली. बाहेर चाळीसेक माणसं ताटकळत होती, मी त्यांना दोष देत नाही. पण हातातल्या कागदावर दुखण्याची गोळी होती, आम्लपित्ताची कॅप्सूल होती, कॅल्शियम होतं, जीवनसत्त्व होतं. पोट साफ होण्यासाठी मात्र काही नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी शब्दही काढला नव्हता. घरी आम्ही एकच निष्कर्ष काढला: आजार वाढतोय. मुंबईच्या पुतण्याला कळवलं. नातेवाईक ‘भेटून’ जाऊ लागले. भेटून जाण्याचा तो सूर आपल्याला सगळ्यांनाच ओळखीचा आहे.

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. जी नोंद कुठे टाकायची ते कळत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची, आणि पुढे शोध लागला की योग्य खात्यात वळती करायची. घरात एखाद्याला कॅन्सर झाला की ‘कॅन्सर’ हेच सस्पेन्स खातं होऊन बसतं. भूक नाही? कॅन्सर. मळमळ? कॅन्सर. पोट फुगलं, झोप नाही, चिडचिड? सगळं तिथेच. नोंदी वळत्या करायला कुणी बसत नाही.

त्या बसल्या. त्या म्हणजे घरी येऊन रुग्ण पाहणाऱ्या एका सेवाभावी संस्थेच्या परिचारिका, पन्नाशीच्या, सांगलीकडच्या बोलीच्या. खुर्ची पलंगाजवळ ओढून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेदनेचा नव्हताच. “सर, शेवटचं पोट कधी साफ झालं?” दादाने छताकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे. मी उठून बाहेर गेलो. भाऊ असलो तरी आमच्यात ते बोलणं कधी झालं नव्हतं. पाच मिनिटांनी सिस्टरनी मला आत बोलावलं. दादाच्या उशीखाली चष्म्याचं रिकामं घर होतं आणि त्यात चोवीस गोळ्या. वहिनी गजर लावून गोळी देत, दादा ती जिभेखाली धरी आणि त्या वळल्या की काढून ठेवी. एक घ्यायची, एक ठेवायची, असा त्याचा हिशेब. कारण गोळीने पाठ राहते पण पोट बांधलं जातं, हे विज्ञानाच्या शिक्षकाने तीन आठवड्यांत स्वतःवर प्रयोग करून शोधून काढलं होतं. ज्या मात्रेने भागत नाही म्हणून डॉक्टरांनी ती वाढवली, ती मात्रा त्याने पुरती घेतलीच नव्हती.

“मग सांगितलं का नाहीस?” मी विचारलं. त्याचं उत्तर मला अजून आठवतं. “अरे, तिथे माणसं मरायला टेकलेली असतात. त्यांच्यात उभं राहून हगण्याची गोष्ट काढायची?”

मला वाटतं, ही नुसती लाज नव्हती. दुखणं एवढं मोठं की ही तक्रार त्यापुढे क्षुल्लक, जवळजवळ अप्पलपोटी वाटते. डॉक्टरांनाही ती तशीच वाटत असावी, म्हणून तेही विचारत नाहीत. आणि या दोघांच्या सभ्यपणात वेदनेवरचं खात्रीचं औषध चष्म्याच्या घरात जाऊन पडतं.

सिस्टरनी त्या दिवशी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते थोडक्यात सांगतो. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, फेन्टानिल ही सगळी अफूच्या कुळातली औषधं, काही थेट अफूपासून, काही तिच्या नमुन्यावर कारखान्यात बनवलेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या सर्टुर्नर नावाच्या तरुणाने अफूतून तिचं सत्त्व वेगळं काढलं आणि मॉर्फियस या स्वप्नांच्या देवतेवरून त्याला नाव दिलं. ही औषधं मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या पेशींना चिकटून वेदनेचा निरोप अडवतात, तशाच जागा आपल्या आतड्याच्या भिंतीतही आहेत. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, दहा कोटींहून अधिक पेशींचं. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा हे जाळं उठवतं. अफूच्या कुळातलं औषध तिथे बसलं की लाटा मंदावतात. जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून दोन घासांत पोट भरतं. आतड्यातले पाझर आटतात, मळ रेंगाळतो आणि रेंगाळला की त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो खड्यासारखा होतो. गुदद्वाराचा स्नायू आवळून राहतो तो वेगळाच.

गंमत अशी की हा गुण माणसाला वेदनाशमनाइतकाच जुना माहीत आहे. आपल्याकडे वैद्यांच्या अतिसारावरच्या काही जुन्या गोळ्यांत अहिफेन, म्हणजे अफूच असे. आणि आज जुलाब थांबवायला आपण प्रवासाच्या पिशवीत जी लोपेरामाइडची गोळी टाकतो, तीही याच कुळातली. फरक इतकाच की नेहमीच्या मात्रेत ती मेंदूपर्यंत पोचत नाही, आतड्यावरच काम करते. जुलाब थांबवणाऱ्या गोळीची सख्खी बहीण एखाद्याला दिवसातून सहा वेळा द्यायची आणि पोट साफ होत नाही याचं नवल करायचं, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. या औषधांचे बाकीचे त्रास बहुधा ओसरतात. सुरुवातीची गुंगी काही दिवसांत उतरते, मळमळ आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर पचवतं, आणि तोवर तिच्यावर गोळी मिळते. बद्धकोष्ठाला मात्र शरीर सरावत नाही. पहिल्या दिवशी आतडं जेवढं सुस्त, तेवढंच सहा महिन्यांनी. तेव्हा ‘बघू, होईल सवय’ हे इथे चालत नाही. म्हणूनच वेदनाशमनाचं काम करणाऱ्या डॉक्टरांत एक जुना शिरस्ता आहे, की ज्या हाताने मॉर्फिन लिहायचं त्याच हाताने, त्याच दिवशी, रेचकही लिहायचं. त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधीच.

इंग्रज कवी कोलरिजची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही. तो अफूचा अर्क घ्यायचा, हे वाङ्‌मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं, आणि त्याच्या ‘कुब्ला खान’मागे अफूचं स्वप्न होतं हेही आम्ही कॉलेजात कौतुकाने वाचलं. पण १८०४ साली जहाजाने माल्टाला जाताना त्याच अफूने त्याचं पोट असं बांधलं गेलं की भर समुद्रात त्याच्यावर एनिमा घेण्याची पाळी आली, आणि त्या मानहानीबद्दल त्याने आपल्या वहीत लिहून ठेवलं, हे आम्हाला कुठल्याच प्राध्यापकांनी सांगितलं नाही. स्वप्नं अभ्यासक्रमात गेली, पोट वहीत राहिलं. असो.

दादाचं पुढे काय झालं? सिस्टरनी पोट चाचपलं, आतड्याला कुठे अडथळा तर नाही ना याची खात्री होईपर्यंत काही दिलं नाही, फोनवरून त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्या. मग एनिमा, आणि दोन दिवस जे करावं लागलं ते हातमोजे घालून त्यांनी केलं. त्याचं वर्णन रविवारी सकाळी नको. तिसऱ्या दिवशी दादाने पिठलं-भात मागितला. ‘वाढलेला आजार’ निम्म्याहून अधिक उतरला होता. त्यानंतर मॉर्फिनच्या जोडीला रोज रात्री सोनामुखीच्या सत्त्वाची गोळी, कारण तिला काम करायला सहा ते बारा तास लागतात आणि सकाळी वेळेवर परिणाम दिसतो. सोबत मळ मऊ ठेवणारं लॅक्ट्युलोजचं गोड औषध. एक आतड्याला हलवतं, दुसरं पाणी धरून ठेवतं. नुसतं दुसरंच दिलं तर मऊ झालेला मळही पुढे सरकत नाही.

आणि इसबगोल बंद. वहिनींनी आपल्या समजुतीने तो रात्री दुधातून सुरू केला होता. एरवी गुणी औषध, पण त्याची किमया भरपूर पाणी आणि हलतं आतडं यांवर अवलंबून. जो माणूस दिवसाला चार पेले पाणीही पीत नाही आणि ज्याचं आतडं औषधाने झोपवलेलं आहे, त्याच्या पोटात तो फुगून बसतो आणि अडचण वाढवतो. चोथ्याचे पदार्थ भरमसाट खाऊ घालण्याचंही तेच. पाणी, ताक, सार, पेज हे चालतं, झेपेल तेवढं चालणं चालतं. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्याही पोट बांधतात, त्या खरोखर हव्यात का हे विचारावं. आमच्याकडे कॅल्शियमची मात्रा डॉक्टरांनी कमी केली.

आणखी एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. शेजारच्या इमारतीतल्या एका आजींना, त्याही अशाच औषधावर, पंधरा दिवसांनी पातळ जुलाब सुरू झाले. घरच्यांनी जुलाब थांबवायची गोळी दिली आणि आजी आणखीनच आजारी पडल्या. खाली खडा अडकलेला असला की वरचा पातळ भाग कडेने झिरपतो आणि जुलाबासारखा दिसतो. तेव्हा या औषधांवरच्या माणसाला बरेच दिवस काही न होता एकदम पातळ व्हायला लागलं, तर आधी डॉक्टरांचा हात पोटावर पडू द्यावा. पोट फुगून उलट्या होत असतील, वारासुद्धा सरत नसेल, तर घरगुती रेचक देऊच नये, सरळ रुग्णालय गाठावं. आणि त्रास होतो म्हणून महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एका दिवसात तोडू नये. तुटली की उलट टोक गाठलं जातं. पोटात मुरडा, जुलाब, घाम, अस्वस्थपणा.

काही उपायांना तर औषधाचीही गरज नसते. मणक्यात आजार असलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही, आणि कमोडवर बसलं की पाय लोंबकळतात, जोर लागत नाही. सिस्टरनी देवघरासमोरचा पाट मागितला. वहिनी क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी दुसरा, जेवणाचा पाट काढून दिला. पायांखाली पाट, गुडघे कमरेच्या थोडे वर, पुढे वाकून कोपरं मांडीवर. आणि वेळ न्याहारीनंतरची, कारण खाल्ल्यावर आतडं आपण होऊन थोडं जागं होतं. दरवाजाला कडी लावायची नाही, पण बाहेर कुणी थांबायचंही नाही. हे शेवटचं कलम दादाचं.

मी एक वही आखली. तारीख, गोळ्यांच्या वेळा, वेदना दहापैकी किती, पाणी, आणि शेवटचा रकाना पोटाचा. पस्तीस वर्षं रकाने आखण्यातच गेली होती, हात आपोआप वळला. शेवटच्या रकान्यात दादा स्वतः लिहायचा, शिक्षकी अक्षरात: ‘समाधानकारक’, ‘अपूर्ण’, एकदा ‘पुन्हा बसवावे’. रुग्णालयात ती वही टेबलावर ठेवली की बोलायची वेळच येत नसे. डॉक्टर आधी तोच रकाना बघू लागले. ठरल्या वेळी पुरती गोळी घेऊन, घेतलेली प्रत्येक पोटात जाऊ देऊन, दादा पुढे पाच महिने जगला. त्यातले बहुतेक दिवस तो खुर्चीत होता, अंथरुणात नव्हता.

पण मग हे माहीत असलेले डॉक्टर इतके थोडे का, हा प्रश्न मला सोडेना. अफूची परवान्याने शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगडकडे ती पिकते, आणि तिचं औषधात रूपांतर करणारे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. तरी आपल्याच रुग्णाला मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं, कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. व्यसनी आणि तस्करांसाठी केलेल्या त्या कायद्याच्या धाकाने औषध दुकानांनी आणि इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. परवाने अनेक, प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी, चूक झाली तर तुरुंग. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिनची एकही चिठ्ठी न लिहिता पदवी घेऊन बाहेर पडल्या. ज्याने औषधच लिहिलं नाही, त्याला त्याच्या जोडीचं रेचक कुठून सुचणार?

या काळातही काम करणारे होते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं. केरळात कालिकतला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली आणि घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांची चळवळच उभी राहिली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असं केंद्र आहे. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि मॉर्फिनसह सहा औषधांसाठी देशभर एकच सोपी पद्धत आणली. कागदावरची गाठ सुटली, हातांची सवय सावकाश सुटते आहे. परदेशात तर या एका तक्रारीसाठी खास औषधं निघाली आहेत. आतड्यातल्या जागेवरून मॉर्फिनला उठवायचं पण मेंदूत शिरायचं नाही, अशी त्यांची रचना. अमेरिकेत त्यातल्या पहिल्याला २००८ साली मान्यता मिळाली. साध्या रेचकांनी भागत नाही अशांसाठी ती आहेत. बहुतेकांचं सोनामुखीच्या गोळीवर भागतं, वेळेवर आणि रोज दिली तर.

हे सगळं कॅन्सरपुरतं नाही, म्हणून आज लिहायला बसलो. गुडघे, कंबर, मणका यांसाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, पुष्कळदा पॅरासिटामॉलच्या जोडीने एकाच गोळीत. २०१८ साली ट्रामाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, पण जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं ती गोळी आणणारी मंडळी माझ्या सकाळच्या फिरण्यात आहेत. माझा एक जुना सहकारी, कॅश विभागातला, कंबरेच्या शस्त्रक्रियेपासून दोन वर्षं ती घेतो आहे. सकाळी मळमळते म्हणून आम्लपित्ताची गोळी, पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण, चूर्णाने जास्तच झालं की लोपेरामाइड, आणि लोपेरामाइडने बांधलं की पुन्हा चूर्ण. चार दुकानांची चार बिलं, आणि चारही एकाच मूळ नोंदीची. कंबरेच्या डॉक्टरांना पोटाचं सांगितलंस का, असं विचारलं तर म्हणाला, “ते हाडांचे डॉक्टर, त्यांना काय सांगायचं?”

मी त्याला बाकावर बसवून हे सगळं सांगितलं. गोळी अजून लागते आहे का, लागत असेल तर किती, कमी करायची तर टप्प्याटप्प्याने कशी, आणि तोवर पोटासाठी रोज काय, हे चार प्रश्न त्याने माझ्याच पेनने वर्तमानपत्राच्या कडेला उतरवून घेतले. येत्या गुरुवारी त्याला डॉक्टरांची वेळ आहे. रकान्यांची वही कशी आखायची तेही विचारत होता. दादाची वही वहिनींनी सोबत नेली, म्हणून त्याला नवी आखून दिली आहे.